हवेची तहान आणि रानांतील वणवा

चुलींतला विस्तव घर चालवितो आणि वळचणीस लागलेला विस्तव तेंच घर खाऊन टाकतो. विस्तव मात्र दोन्ही ठिकाणीं एकच. चुलीपुढें बसणाऱ्या प्रत्येक गृहिणीस त्याच्याविषयीं आणखी एक गोष्ट कोणत्याहि पुस्तकावांचून ठाऊक असते. ती ही कीं, आषाढांतलें ओलें सरपण काड्यांची सारी पेटी संपली तरी पेटत नाहीं, नुसतें धुमसत राहतें. आणि चैत्रांतलें खडखडीत वाळलेलें जळण एका काडीनें भडकून उठतें. काडी दोन्ही वेळां तीच असते. फरक असतो तो जळणांतील ओलाव्याचा. हा घरगुती अनुभव जो नीट ध्यानांत ठेवील, त्यास आजच्या एका मोठ्या संकटाचें मर्म समजण्यास अडचण पडणार नाहीं. तें संकट म्हणजे समशीतोष्ण प्रदेशांतील वाढते वणवे. त्यांचा बदलत्या हवामानाशीं काय संबंध आहे, हें विशद करणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

उत्तरेस कर्कवृत्तापासून ध्रुववृत्तापर्यंत व दक्षिणेस मकरवृत्तापासून ध्रुववृत्तापर्यंत पसरलेल्या दोन पट्ट्यांस समशीतोष्ण कटिबंध म्हणतात, हें विद्यार्थिमित्रांनीं भूगोलांत वाचलेंच असेल. ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग, कॅनडाचा दक्षिण भाग, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया आणि युरोपांतील पोर्तुगाल, स्पेन, ग्रीस आदि देश या पट्ट्यांत येतात. नांवावरून तेथें ऊनहि बेताचें व थंडीहि बेताची असावी असा समज होतो. परंतु अलीकडच्या कांहीं अत्यंत घोर वणव्यांनीं याच कटिबंधांत मनुष्यहानि केली आहे. २०१७ च्या जून महिन्यांत पोर्तुगालच्या मध्यभागीं ६६ माणसें दगावलीं. त्यांतील बरींच मोटारींतून पळून जात असतां रस्त्यावरच आगीनें वेढलीं गेलीं. २०१८ च्या जुलैंत ग्रीस देशांत अथेन्सजवळच्या समुद्रकांठीं शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्नियांतील पॅराडाइज हें गांव व त्याचा परिसर जळून ८५ माणसांचा अंत झाला.

वणवा या प्रदेशांस अगदीं नवीन आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ऑस्ट्रेलियांतील निलगिरीच्या पानांत तेल असतें व तीं सहज पेट घेतात. तथापि त्या वृक्षांच्या पुष्कळ जाती आगींतून गेल्यावर काळवंडलेल्या खोडावर पुन्हां हिरवे कोंब फोडतात. उत्तर अमेरिकेंतील लॉजपोल नांवाच्या पाइन वृक्षाचीं कित्येक फळें राळेनें अशीं घट्ट मिटलेलीं असतात कीं, आगीची धग लागल्यावांचून तीं उघडत नाहींत व त्यांतील बीं भूमीवर पडत नाहीं. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी तर हजारों वर्षें योग्य ऋतु पाहून थोडें थोडें रान स्वतःच जाळीत आले. ज्या रानाचा आणि आगीचा इतका जुना शेजार, त्या रानास आज तीच आग असह्य कां व्हावी, हा खरा प्रश्न आहे.

अग्नि प्रज्वलित होण्यास तीन गोष्टी लागतात: जळण, प्राणवायु आणि उष्णता. तिहींपैकीं एक काढून घेतली कीं आग विझते. जळणांत पाणी असेल तर बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग त्या पाण्याची वाफ करण्यांतच खर्ची पडतो, आणि जळण स्वतः पेट घेण्याइतकें तापत नाहीं. रानांतील मेलेल्या जळणाचे शास्त्रज्ञांनीं जाडीवरून वर्ग पाडले आहेत. वाळकें गवत व बारीक काटकी तासाभरांत कोरडी पडते. अंगठ्याएवढ्या फांदीस त्याहून बराच अधिक वेळ लागतो. जमिनीवर पडलेला जाड ओंडका मात्र आंतून वाळण्यास कित्येक आठवडे, प्रसंगीं महिने घेतो. साधारण वर्षीं वणवा गवत व पाचोळा खात पुढें सरकतो. पण सावलींतल्या घळी, ओढ्याकांठचें हिरवें रान, भिजलेले ओंडके यांच्यापाशीं येऊन तो मंदावतो आणि पुष्कळदां तेथेंच थांबतो. एतावता रानांतील ओलावा हाच रानाचा पहिला रक्षक होय. मनुष्याचे बंब व नळ हे त्याच्या मागून येतात.

हा ओलावा नेतो कोण? हवा. याची प्रचीति पाहण्यास रानांत जावयास नको. धुतलेलें धोतर श्रावणांत दोन दिवस दांडीवर लोंबत राहतें, तेंच चैत्रांत घटकाभरांत वाळतें. हवा जितकी तापलेली, तितकी बाष्प सामावून घेण्याची तिची शक्ति मोठी. एक घनमीटर हवा २० अंश सेल्सिअस तापमानास सुमारें १७ ग्रॅम बाष्प धारण करूं शकते. ३० अंशांस सुमारें ३० ग्रॅम. आणि ४० अंशांस सुमारें ५१ ग्रॅम. आतां समजा, कीं हवेंत प्रत्यक्ष बाष्प १० ग्रॅमच आहे. म्हणजे २० अंशांस तिला ७ ग्रॅमांची उणीव आहे, ३० अंशांस २० ग्रॅमांची व ४० अंशांस ४१ ग्रॅमांची. अंश वीसांचे चाळीस झाले, पण हवेची तहान मात्र जवळजवळ सहापट वाढली! ही तहान ती पाचोळ्यांतून, गवतांतून, मातींतून आणि उभ्या झाडांच्या पानांतून भागवूं लागते.

तापमान एका अंशानें वाढलें कीं हवेची बाष्प धारण करण्याची शक्ति शेंकडा ७ नीं वाढते, असा स्थूल नियम आहे. समुद्रावरून तेवढें जादा बाष्प येत राहिलें तर तहान फारशी वाढणार नाहीं. परंतु भूखंडाच्या आंतल्या भागांत ऐन उन्हाळ्यांत तें तितकें पोहोंचत नाहीं आणि उणीव वाढत जाते. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. पाऊस पूर्वीइतकाच पडला, तरी केवळ हवा अधिक तापल्यामुळें रान पूर्वीपेक्षां लवकर व अधिक खोलवर कोरडें होऊं शकतें. आणि पाऊसहि कमी पडला, तर दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तशी अवस्था होते.

हवा तापत आहे याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. कार्बन डायऑक्साइड वायु उष्णतेस अडवून धरतो, हें जॉन टिंडल या शास्त्रज्ञानें १८५९ मध्यें सुरू केलेल्या प्रयोगांनीं दाखविलें. स्वीडनमधील आऱ्हेनियस यानें १८९६ मध्यें, हा वायु वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचें गणितहि मांडलें. कारखाने, आगगाड्या व मोटारी यांचें युग भरास येण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु जाळल्यानें आणि जंगलें तोडल्यानें ते आज ४२० च्या वर गेले आहेत. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीचें सरासरी तापमान सुमारें १.१ अंशानें अधिक होतें, आणि २०२४ हें वर्ष तर दीड अंशाची मर्यादा ओलांडून गेलें.

“एक-दीड अंशानें काय बिघडणार? सकाळपासून दुपारपर्यंत दहा-बारा अंशांचा फरक पडतच असतो,” असें कोणी म्हणेल. ही शंका स्वाभाविक आहे. तिचें समाधान ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणानें चांगलें होईल, कारण त्या देशांत वणव्याचें भय आंकड्यांत मोजण्याची पद्धत फार दिवसांपासून आहे.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस व्हिक्टोरिया नांवाचें राज्य आहे. मेलबर्न ही त्याची राजधानी. १९३९ च्या जानेवारीची १३ तारीख शुक्रवारीं आली. त्या दिवशीं मेलबर्न येथें ४५.६ अंश तापमानाची नोंद झाली आणि दुष्काळानें वाळलेल्या रानांतून वणवे सुसाट धांवले. त्या मोसमांत ७१ माणसें मेलीं व सुमारें २० लक्ष हेक्टर भूमि जळाली. तो दिवस तेथें ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. पुढें अॅलन मॅकआर्थर नांवाच्या वनाधिकाऱ्यानें तापमान, हवेची आर्द्रता, वाऱ्याचा वेग व जमिनीची कोरड या चार गोष्टींवरून वणव्याच्या भयाचा एक निर्देशांक बसविला, आणि काळ्या शुक्रवारच्या स्थितीस १०० हा आंकडा दिला. याहून वाईट दिवस सहसा येणार नाहीं, हा त्यामागील अदमास होता.

तो अदमास ७ फेब्रुवारी २००९ या शनिवारीं मोडला. त्याच्या आदल्या जानेवारीअखेर मेलबर्नमध्यें लागोपाठ तीन दिवस पारा ४३ अंशांच्या वर राहिला होता, आणि कित्येक आठवडे पाऊस जवळजवळ नव्हता. त्या शनिवारीं तापमान ४६.४ अंशांवर गेलें, आर्द्रता शेंकडा १० च्याहि खालीं उतरली आणि सोसाट्याचा उत्तर वारा सुटला. अनेक ठिकाणीं निर्देशांक शंभराच्या बराच वर गेला. एकूण १७३ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ११९ माणसें ज्या एका वणव्यांत सांपडलीं, त्याचें मूळ तुटलेल्या विजेच्या तारेंत होतें. तार तुटणें हा अपघात. तो पावसाळी दिवशींहि घडला असता आणि कोणाच्या कानावर गेलाहि नसता. भूमीच अशी तयार होऊन बसली होती कीं, त्या तारेची एक ठिणगी पुरे झाली. या दिवसानंतर भयाच्या जुन्या पायऱ्यांवर ‘महाविनाशक’ अशा अर्थाची एक नवी पायरी चढवावी लागली. मापणाऱ्याची पट्टीच अपुरी पडली, हें येथें ध्यानांत घ्यावें.

यानंतर दहाच वर्षांनीं त्याच खंडावर २०१९-२० चा उन्हाळा आला. दक्षिण गोलार्धांत डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. २०१९ हें वर्ष ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतील सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडें वर्ष ठरलें. १८ डिसेंबर रोजीं संपूर्ण देशाच्या दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरी ४१.९ अंश भरली. या कोरडेपणाचें एक कारण आपल्याच हिंदी महासागरांत होतें. त्या वर्षीं महासागराचा आफ्रिकेकडील भाग नेहमींपेक्षां उबदार व इंडोनेशियाकडील भाग थंड झाला होता. अशा वेळीं ढग पश्चिमेस जमतात आणि ऑस्ट्रेलियास पाऊस दुरावतो. याच स्थितीनें आपल्याकडील मोसमी पावसास साहाय्य केलें, आणि भारतांत त्या वर्षीं सरासरीच्या शेंकडा ११० पाऊस झाला. एकाच समुद्रानें एकाचें शेत भिजविलें व दुसऱ्याचें रान वाळविलें. समुद्राचें असें हेलकावणें पुरातन आहे. पण त्याच्या खालची जमीन आणि वरची हवा १९१० च्या मानानें सुमारें दीड अंशानें तापलेली होती, आणि आग्नेय ऑस्ट्रेलियांतील थंडीच्या मोसमांतला पाऊस १९९० नंतरच्या काळांत सुमारें शेंकडा ९ नीं घटलेला होता.

२६ ऑक्टोबर २०१९ रोजीं सिडनी शहराच्या वायव्येस डोंगरांत वीज पडली व आग लागली. त्या एका ठिणगींतून निघालेला वणवा पांच लक्ष हेक्टरांहून अधिक रान जाळीत गेला, आणि फेब्रुवारींतील मुसळधार पावसानें तो पुरता विझला. नेहमीं जेथें आग थांबावयाची, त्या ओल्या घळीहि या वेळीं वाळलेल्या होत्या. गोंडवन पर्जन्यवनें या नांवानें जागतिक वारसा ठरलेल्या जुन्या ओल्या जंगलांचाहि बराच भाग होरपळला. हें नांव आपल्या मध्य भारतांतील गोंडांच्या मुलखावरून भूगर्भशास्त्रांत गेलेलें आहे. एके काळीं भारत व ऑस्ट्रेलिया ज्या एकाच महाभूखंडाचे भाग होते, त्याच्या काळापासून चालत आलेल्या वनस्पतींचे वंशज त्या रानांत आहेत. ज्यांस आगीची संवय नाहीं अशीं तीं झाडें होत.

३१ डिसेंबरच्या सकाळीं व्हिक्टोरियांतील मॅलाकूटा या समुद्रकांठच्या गांवीं आग येऊन ठेपली. गांवांतून बाहेर जाणारा रस्ता बंद झाला होता. सुमारें चार हजार रहिवासी व पाहुणे वाळवंटावर व धक्क्यावर जमले. दिवस उजाडण्याऐवजीं आकाश काळेंकुट्ट झालें आणि मग रक्तासारखें लाल झालें. तीन दिवसांनीं नौदलाच्या जहाजानें त्यांपैकीं हजाराहून अधिक लोकांस समुद्रमार्गें सोडविलें. त्या मोसमांत ३३ माणसें आगींत बळी पडलीं व तीन हजारांवर घरें जळालीं. धुरानें आणखी चारशेंहून अधिक माणसें दगावलीं असावीं, असा वैद्यकशास्त्राचा अंदाज आहे. त्या उन्हाळ्यांतील आगीस पोषक अशा हवेची शक्यता, पृथ्वी तापल्यामुळें निदान शेंकडा ३० नीं वाढली होती, असा निष्कर्ष अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं काढला. “निदान” हा शब्द त्यांनीं विचारपूर्वक योजिला आहे. वाढ याहून पुष्कळ अधिक असूं शकते, पण त्याहून कमी नाहीं.

आतां मघाच्या शंकेकडे वळूं. सरासरी एका अंशानें वाढली म्हणजे प्रत्येक दिवस एका अंशानें गरम झाला एवढाच अर्थ नव्हे. वर्षांतील बहुतेक दिवस मध्यम असतात, अति उष्ण दिवस थोडे. सारी रांग थोडी पुढें सरकली कीं मधल्या दिवसांत फारसा भेद दिसत नाहीं. परंतु टोंकाचे जे दिवस शंभर वर्षांत एकदां यावयाचे ते वारंवार येऊं लागतात, आणि पूर्वीं कधींच न आलेले दिवस प्रथमच दिसतात. नदीला पूर येतो तेव्हां पाणी वीतभरच अधिक चढलें तरी उंबरठ्यावरच्या घराचा निकाल त्या वितीवरच लागतो, तसाच हा प्रकार आहे. वणवा हा या टोंकाच्या दिवसांचाच सोबती.

याचें दुसरें उदाहरण उत्तर गोलार्धांत, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत घडलें. तेथें लिटन नांवाचें लहानसें गांव आहे. त्याचें अक्षांश लंडनच्या किंचित् दक्षिणेस येतें. कॅनडांतील उष्णतेचा उच्चांक १९३७ पासून ४५ अंश होता व तो चौऱ्यायशीं वर्षें टिकला. २०२१ च्या जूनमध्यें लिटन येथें २७ तारखेस ४६.६, २८ तारखेस ४७.९ आणि २९ तारखेस ४९.६ अंश तापमान झालें. उच्चांक मोडावयाचा तो दशांशानें मोडतो, हा सामान्य अनुभव. येथें तो तीन दिवसांत साडेचार अंशांहून अधिकानें मोडला. ३० तारखेस गांवास आग लागली, आणि गांवाचा बहुतेक भाग त्याच दिवशीं भस्म झाला; दोन माणसें मेलीं. मनुष्यानें पृथ्वी तापविली नसती तर अशी उष्णतेची लाट जवळजवळ अशक्य होती, असें तिचा अभ्यास करणाऱ्यांचें मत पडलें.

ज्या डोंगराळ मुलखांत हिवाळ्यांत बर्फ सांचतें, तेथें उष्णतेचा आणखी एक परिणाम होतो. डोंगरावरचें बर्फ म्हणजे उन्हाळ्यासाठीं ठेवलेला पाण्याचा रांजण. वसंत ऋतु लवकर तापला कीं रांजण लवकर रिकामा होतो, आणि रानाचा कोरडा काळ लांबतो. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील मोठ्या वणव्यांच्या नोंदी तपासून २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, १९७० ते १९८६ या काळाच्या मानानें १९८७ ते २००३ या काळांत वणव्याचा मोसम ७८ दिवसांनीं लांबला होता. रात्रींचीहि तीच कथा. पूर्वीं रात्रीं हवा गार व दमट होई, आग मंदावे आणि ती विझविणाऱ्यांस थोडी उसंत मिळे. हल्लीं रात्री पूर्वीइतक्या गार होत नाहींत, आणि तो विसांवाहि कमी होत चालला आहे.

तथापि सर्व दोष हवामानाच्या माथीं मारणें सत्यास धरून होणार नाहीं. अमेरिकेच्या वनखात्यानें १९३५ मध्यें असा दंडक घातला कीं, दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजण्याच्या आंत आटोक्यांत आणावी. हेतु चांगला होता. पण लहान लहान आगींनीं जो पाचोळा व झुडुपें वेळोवेळीं साफ व्हावयाचीं, तीं अनेक दशकें सांचत गेलीं आणि पुढच्या मोठ्या आगीचें जळण बनलीं. ऑस्ट्रेलियांतहि मूळ रहिवाशांची रान जाळण्याची जुनी पद्धत गोऱ्या वसाहतीनंतर पुष्कळ ठिकाणीं बंद पडली. शिवाय रानाच्या अगदीं कडेस नवीं घरें उठलीं. १९३९ च्या वणव्यांची चौकशी करणारे न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांनींहि त्या आगींचा दोष मुख्यतः माणसांच्या हातांकडेच दिला होता. आणखी एक गोष्ट अशी कीं, साऱ्या जगाचा हिशेब केला तर दर वर्षीं जळणारें एकूण क्षेत्र १९९८ ते २०१५ या काळांत सुमारें एक चतुर्थांशानें घटलें आहे. कारण आफ्रिका वगैरे खंडांतील गवताळ माळ नांगराखालीं आले. म्हणून “सारें जग पूर्वीपेक्षां अधिक जळत आहे” असें सरसकट म्हणणारा चुकतो. पण समशीतोष्ण वनांचा प्रश्न माळांहून निराळा आहे. तेथें जळण भरपूर असतें. उणीव असते ती कोरडेपणाची, आणि तीच उणीव तापलेली हवा भरून काढते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वनांचा हिशेब करून शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे कीं, १९८४ ते २०१५ या काळांत मनुष्यकृत तापमानवाढीमुळें सुमारें ४२ लक्ष हेक्टर वन अधिक जळालें. म्हणजे ती वाढ नसती तर जितकें जळालें असतें त्याच्या जवळजवळ दुप्पट जळालें.

या आगींचा ताप जळणाऱ्या मुलखापुरताच राहत नाहीं. २०२३ मध्यें कॅनडांत दीड कोटी हेक्टरांहून अधिक वन जळालें आणि पूर्वींच्या साऱ्या नोंदी मागें पडल्या. त्या धुरानें जूनमध्यें शेंकडों मैल दूर असलेल्या न्यूयॉर्क शहराचें आकाश नारिंगी झालें. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियन वणव्यांतून सुमारें ७० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेंत गेला, असा एक अंदाज आहे. तो देश एरव्हीं वर्षभर कारखाने, वीजगृहें व वाहनें यांतून जितका वायु सोडतो त्याहून हा आंकडा मोठा आहे. रान पुन्हां वाढलें तर हा वायु झाडें परत शोषून घेतात. परंतु रानास सांवरण्यापूर्वींच दुसरी आग आली, तर घेतलेलें कर्ज फिटण्यापूर्वीं दुसरें कर्ज काढल्यासारखें होतें.

आतां उपाय काय? निकटचा उपाय जुनाच आहे. थंड व दमट दिवस पाहून, जाणत्या माणसांच्या देखरेखीखालीं, रानांतील पाचोळा थोडा थोडा जाळावा. घराभोंवतालची जागा स्वच्छ ठेवावी. छपराच्या पन्हळींत पानें सांचूं देऊं नयेत. आणि आगीची वाट न पाहतां वेळींच गांव सोडावें. ऑस्ट्रेलियांत आतां मूळ रहिवाशांच्या अनुभवाचाहि आदर होऊं लागला आहे. मात्र येथेंहि तीच अडचण आड येते. रान जाळण्यास सुरक्षित दिवस म्हणजे फार ओला नव्हे व फार कोरडा नव्हे असा. उन्हाळा दोन्ही बाजूंनीं लांबूं लागला कीं अनेक ठिकाणीं हे मधले दिवसच कमी होतात. म्हणजे रोग वाढतो आणि औषध देण्याची वेळहि अपुरी पडते. म्हणूनच दूरचा उपाय टाळून चालणार नाहीं. हवेंत उष्णता कोंडून ठेवणारा वायु सोडणें कमी केल्यावांचून तिची तहान कमी होणार नाहीं, आणि त्या कार्यांत ज्या देशांनीं अधिक कोळसा व तेल जाळलें त्यांची जबाबदारीहि अधिक आहे.

ऑस्ट्रेलियांतील खेड्यांच्या रस्त्यांवर अर्धवर्तुळाकार फलक उभे असतात. त्यांवर रंगांनीं वणव्याच्या भयाचे चढते टप्पे दाखविलेले असतात, आणि एक कांटा त्या दिवसाचें भय दर्शवितो. व्हिक्टोरिया राज्यांत कांटा शेवटच्या टप्प्यावर जाणार असें कळलें, कीं रानालगतच्या धोक्याच्या शाळा आदल्याच दिवशीं सुटी जाहीर करून बंद ठेवतात. आपल्या शाळेंत सुटीची सूचना फिरली म्हणजे केवढा आनंद होतो, हें विद्यार्थिमित्रांस सांगावयास नको. तेथील मुलें त्या दिवशीं खेळावयास जात नाहींत. तीं आईबापांबरोबर आवश्यक तेवढें सामान बांधून गांवापासून दूर जातात. फलकावरचा कांटा ठिणगी कोठें पडेल हें सांगत नाहीं, कारण तें कोणासच सांगतां येत नाहीं. ठिणगी पडलीच तर रान पेटण्यास कितपत तयार आहे, एवढेंच तो सांगतो. वीज पडणें माणसाच्या हातचें नाहीं, तार तुटणार नाहीं अशीहि हमी नाहीं. पण तो कांटा शेवटच्या टप्प्यावर किती वेळां जावा, याचा निर्णय पुष्कळ अंशीं आजच्या वडील पिढीच्या हातीं आहे. त्याचा हिशेब मात्र त्या शाळांतील मुलांस द्यावा लागणार आहे.